परदेशी प्रवेशाची प्रतीक्षा यादी आणि रेल्वेचे वेटिंग एक नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च-एप्रिल आला की परदेशी विद्यापीठांचे निकाल मेलवर यायला लागतात. जळगाव, भुसावळ, शिरपूर, शहादा इथूनही फायनान्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अर्ज जातात. त्यांतल्या काहींना होकार येत नाही, नकारही येत नाही. प्रतीक्षा यादीत नाव ठेवल्याचे चार ओळींचे पत्र येते. त्या दिवशी घरात दोन तट पडतात. एकीकडे पेढ्यांची भाषा, दुसरीकडे 'गेलं हातचं'. पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय करायचे आणि काय अजिबात करायचे नाही, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, पण शक्यतो न कापता छापावे ही विनंती.

आपण भुसावळ जंक्शनच्या मुलखातले लोक. वेटिंग म्हटले की पीएनआर आठवतो. तिथे नंबर असतो, १२ चा ९ झाला की जिवात जीव येतो आणि चार्ट लागला की निकाल. विद्यापीठाच्या यादीला बहुतेक ठिकाणी क्रमांकच नसतो. समजा एका कोर्सला ६० जागा आहेत. सगळे येणार नाहीत हे गृहीत धरून विद्यापीठ ६० पेक्षा जास्त जणांना होकार कळवते आणि जागा पक्की करण्याची अनामत किती जण भरतात ते पाहते. तारीख उलटल्यावर ५५ जणच उरले, तर पाच जागांसाठी यादी उघडते. ते पाच कोण, हे वर्ग कसा भरला आहे त्यावर ठरते. इंजिनिअर आणि गणितवाले आधीच भरपूर असतील तर बँकेत दोन वर्षे काढलेल्या वाणिज्य पदवीधराला आधी बोलावणे येऊ शकते. उलटही होते. त्यामुळे 'माझा नंबर किती' याला बहुधा उत्तर नसते, आणि पुण्याच्या मित्राचे झाले म्हणून आपले होईल या म्हणण्यालाही अर्थ नसतो.

यादी साधारण दोनदा हलते. पहिल्यांदा अनामतीची तारीख संपल्यावर, म्हणजे एप्रिलचा शेवट ते मे. दुसऱ्यांदा जून-जुलैत, कोणाचा व्हिसा नाकारला जातो, कोणी नोकरी धरतो, कोणी वर्ष पुढे ढकलतो तेव्हा. हे ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या कोर्सचे वेळापत्रक. बर्कलेचा फायनान्शियल इंजिनिअरिंगचा कोर्स मार्चमध्ये सुरू होतो, तिथले सगळे महिने वेगळे. अमेरिकेत '१५ एप्रिल' ही तारीख फार ऐकू येते. ती काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावातली आहे आणि ज्यांना फेलोशिप किंवा असिस्टंटशिपसारखे अर्थसाहाय्य देऊ केले आहे त्यांच्यापुरती आहे. फायनान्सच्या बहुतेक मास्टर्सना असे साहाय्य नसते, म्हणून तिथे प्रत्येक विद्यापीठाची आपापली तारीख चालते. ती आपल्याच पत्रात शोधावी. तारीख न्यूयॉर्कच्या घड्याळाने असेल तर उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे असतो. १५ एप्रिलच्या रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची सकाळ, ९.२९. बँक उघडायच्या आत मुदत संपते, आणि परदेशी पैसे पाठवायला दोन-तीन दिवस लागतात ते वेगळेच.

पत्र आल्यावर पहिले काम म्हणजे पोर्टलवर जाऊन 'यादीत राहायचे आहे' असे कळवणे. अनेक ठिकाणी हे नाव आपोआप राहत नाही. मुदतीत होकार दिला नाही तर काढून टाकतात. दुसरे काम मेलचे. अर्ज भरताना कन्सल्टन्सीवाल्याने नवा मेल आयडी काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याकडेच असतो, हा प्रकार आपल्या भागात सर्रास आहे. यादीतून जागा निघाली की उत्तर द्यायला कधी ४८ तास, कधी आठवडाभर मिळतो. मेल शुक्रवारी रात्री येतो आणि एजंटचे ऑफिस सोमवारी उघडते. पासवर्ड आजच बदलून घ्या, फोन नंबर आपला टाका, स्पॅमचा कप्पा रोज पाहा.

मग प्रवेश कार्यालयाला एकच छोटा मेल. यादीला क्रम आहे का, निर्णय साधारण कधी होतात, नवी माहिती स्वीकारता का आणि कोणत्या मार्गाने, यादीतून घेतलेल्यांना शिष्यवृत्ती शिल्लक असते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा 'नाही' येते, आणि घरच्या हिशेबासाठी तेच सगळ्यांत महत्त्वाचे. 'आम्ही जादा कागद घेत नाही' असे उत्तर आले तर खरोखरच काही पाठवू नये.

घेत असतील तर एका पानाचे पत्र लिहायचे, ३०० ते ४०० शब्दांचे. इथे बहुतेकांची गाडी रुळावरून घसरते. 'आपले विद्यापीठ जगप्रसिद्ध असून तेथे शिकणे हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे' हे वाक्य त्या कार्यालयात रोज येत असणार. त्याने काही हलत नाही. त्यांना अर्जानंतर नवे काय घडले ते हवे असते. उदाहरणार्थ असे: 'पाचव्या सत्राची गुणपत्रिका जोडली आहे, संख्याशास्त्राला सर्वोच्च ग्रेड आहे. जानेवारीपासून एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांच्या, नावे काढून टाकलेल्या, तीन वर्षांच्या नोंदींवर काम करतो आहे. कोणते खाते ९० दिवसांच्या थकबाकीकडे चालले आहे याचा अंदाज देणारे मॉडेल पायथनमध्ये बांधले. पहिल्या प्रयत्नात ते फसले, कारण पीककर्जाचा हप्ता वर्षातून एकदा येतो आणि मॉडेल मासिक हप्ता धरून चालले होते. हंगाम वेगळा धरल्यावर सुधारले.' या चार-पाच वाक्यांत गणित आहे, संगणक आहे, चूक आणि तिचे कारण आहे, शिवाय हा मुलगा आपल्या वर्गात वेगळे काय आणेल तेही आहे. पीककर्जाच्या हंगामाची जाण न्यूयॉर्कच्या मुलाकडे नसते. खान्देशातली मुले हे लपवतात आणि गुंतवणूक बँकांची नावे पेरत बसतात, याचे वाईट वाटते.

काय नवे मिळवायचे हे कोर्सवर ठरते. फायनान्शियल इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटेशनल फायनान्सवाले बहुचल कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, संभाव्यता, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि सी प्लस प्लस पाहतात. बीकॉम किंवा बीबीएच्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत यातले फारसे नसते. तो खड्डा बुजवणारा, परीक्षा आणि गुण असलेला एखादा कोर्स एप्रिल-मेमध्ये पुरा करता आला तर उपयोग होतो. नुसते हजेरीचे प्रमाणपत्र कोणी मोजत नाही. साध्या मास्टर ऑफ फायनान्सला इंटर्नशिप, नोकरी, सीएफए (गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) यांना वजन जास्त. सीएफएची पहिली पातळी वर्षातून चारदा होते, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. मेचा निकाल हाती येईपर्यंत यादीची पहिली हालचाल होऊन गेलेली असते, दुसरीच्या वेळी कदाचित सापडेल. तेवढ्यासाठी घाईने फॉर्म भरू नये.

'मला प्रवेश दिलात तर मी नक्की येईन' हे वाक्य फार मोलाचे आहे, कारण जागा रिकामी राहू नये हीच त्या कार्यालयाची धास्ती असते. पण ते एकाच विद्यापीठाला लिहायचे. तीन ठिकाणी लिहिणे हा खोटेपणा आहे. गुणांचा सीजीपीए स्वतःच चारच्या पट्टीवर बदलून पाठवू नये, विद्यापीठाने दिला तसाच द्यावा. एटीकेटी लागली असेल तर तीही सांगावी. शेवटच्या गुणपत्रिकेत ती दिसतेच.

जादा शिफारसपत्र पाठवायचे तर एक, आणि तेही ज्याने अलीकडचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे त्याचे. आमदारसाहेबांचे पत्र जोडण्याची हौस आपल्याकडे मोठी. मुलाच्या कामाबद्दल त्यात एक ओळही नसल्याने त्याचा उपयोग शून्य. वडिलांनी, मामांनी फोन करणे हेही तसेच, उलट नुकसानच. पहिल्या पत्रानंतर खरोखर नवे काही घडले तरच, सहा-आठ आठवड्यांनी, दुसरा मेल. दर सोमवारी चौकशी करणाऱ्याला कार्यालय लक्षात ठेवते, पण चुकीच्या कारणासाठी.

जीमॅट-जीआरई ही प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यावी का? क्वांटचे, म्हणजे गणिताच्या भागाचे, गुण कोर्सच्या नेहमीच्या पातळीपेक्षा स्पष्ट कमी असतील तरच. जीआरईत १६८ चे १७० करण्यात पैसे घालू नयेत. १६० चे १६७ होण्यासारखे असेल तर द्यावी. जीआरईच्या दोन प्रयत्नांत २१ दिवसांचे अंतर लागते, जीमॅटला १६. जीआरईचा अधिकृत निकाल ८ ते १० दिवसांत येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात गुण पोहोचायला हवेत तर परीक्षा २० एप्रिलच्या आसपास झाली पाहिजे, उलटे मोजून पाहा. या परीक्षा घरूनही देता येतात, पण एप्रिल-मेतल्या जळगावात दुपारी पारा ४४ वर आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, राउटर त्याला जोडायचा राहून जातो. नेट तुटले की परीक्षा तुटते, मग तक्रार, चौकशी, पुन्हा तारीख. मुंबई किंवा पुण्याला केंद्रावर जाऊन दिलेली बरी. घरूनच द्यायची तर सकाळची वेळ, राउटर बॅटरीवर, आणि टेबलावर कागदाचा तुकडासुद्धा नको. जीआरईला कच्चे काम पुसता येणाऱ्या छोट्या पांढऱ्या पाटीवर करता येते, साधी वही चालत नाही.

आता पैसे. हातात दुसऱ्या विद्यापीठाचा पक्का होकार असेल तर त्याची अनामत मुदतीत भरायची, प्रतीक्षा यादीच्या आशेवर ती सोडायची नाही. यात बहुतेकांची चूक होते, कारण ही अनामत परत मिळत नाही हे त्यांना बोचते. १,५०० डॉलर अनामत, डॉलर ९० रुपये धरला तर १ लाख ३५ हजार. ही विम्याच्या हप्त्यासारखी रक्कम आहे: यादी हलली तर गेली, नाही हलली तर वर्ष वाचले. मात्र दोन पक्क्या ठिकाणी अनामती भरून ठेवू नयेत. यादीतून बोलावणे आले आणि तिकडे जायचे ठरले, तर पहिल्या विद्यापीठाला त्याच दिवशी कळवायचे. यात गैर काही नाही, विद्यापीठांना ते नवे नसते.

भारतातल्या प्रवेशांचे नियम वेगळे, दोन्हींची गल्लत करू नये. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी नाव काढले तर कमाल ५,००० रुपये प्रक्रिया शुल्क कापून बाकी सगळे शुल्क परत मिळते; पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच नाही. म्हणजे मुंबई-पुण्यात एमबीए किंवा एमएस्सी फायनान्सची जागा धरून ठेवणे परदेशी अनामतीपेक्षा स्वस्त पडते, फक्त तारीख वहीत लिहून ठेवावी.

पैसे पाठवताना टीसीएसची, म्हणजे रक्कम पाठवतानाच बँक वसूल करते त्या कराची, भीती घातली जाते. एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेल्या १० लाखांपर्यंत तो लागत नाही. आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून तो मुळीच नाही.

कर्जाचा भाग सर्वांत नाजूक, आणि खान्देशात तो इतरत्रपेक्षा जास्त वेळ खातो. प्रतीक्षा यादीच्या पत्रावर बँक कर्ज मंजूर करत नाही, प्रवेशपत्रच लागते. पण तारणाचे कागद त्याआधी तयार करायला कोणी अडवलेले नाही. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांवरच्या कर्जाला स्थावर तारण मागतात. आपल्याकडे बाप सातबारा घेऊन बँकेत जातो. रावेर-यावलला केळीची दहा एकर बागायत, किंमत कोटीच्या घरात, आणि शाखाधिकारी मान हलवतो. त्याला आडमुठा म्हणण्याआधी कारण समजून घ्या. २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे, त्यामुळे कर्ज थकले तर बँकेला त्या कायद्याने ती जप्त करून विकता येत नाही. नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात तर जमीन भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी) असते किंवा आदिवासींची जमीन परवानगीशिवाय इतरांकडे जाऊ न देणाऱ्या, जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे बंधन असते. तारण म्हणून चालते ते एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, घर, मुदत ठेव, विमा पॉलिसी.

घर असले तरी काम संपत नाही. मिळकत पत्रिकेवर आजोबांचे नाव, आजोबा जाऊन पंधरा वर्षे झालेली, वारस नोंद केलेली नाही. नोंद करायला गेले की दोन आत्यांची नावे लागतात, आणि हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या. एक आत्या सुरतेला. दुय्यम निबंधकाकडे तारीख घ्यायची, ती आली की आधार, फोटो, साक्षीदार. मग बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्ट काढतो, जुन्या खरेदीखताची इंडेक्स दोनची प्रत शोधतो, व्हॅल्युअर येऊन मोजमाप घेतो. यात महिना-दीड महिना सहज जातो. गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिकाच नसेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बँक बहुतेकदा थांबते. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन सनद मिळाली असेल तर ती आधी दाखवून विचारावे. जुलैत यादी हलली, सात दिवसांत होकार द्यायचा आहे, आणि आत्याची सही बाकी आहे, तर विद्यापीठ थांबत नाही. म्हणून हे सगळे एप्रिलमध्येच सुरू करायचे, पक्क्या प्रवेशाच्या नावाने. विद्यापीठ बदलले तर मंजुरीपत्रात दुरुस्ती होते. तारणाची फाइल तीच राहते. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेचे नाव ऐकून काही पालक निर्धास्त होतात. ती योजना भारतातल्या निवडक संस्थांपुरती आहे, परदेशाला लागू नाही.

केळीचे किंवा कपाशीचे पैसे आले आणि स्वतःच्या पैशाने पाठवायचे ठरले, तरी एक खोच आहे. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाला ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते, आणि खातेउतारा अर्जाच्या दिवशी ३१ दिवसांपेक्षा जुना चालत नाही. व्यापाऱ्याने दिलेले पैसे चार दिवसांपूर्वी जमा झाले असतील तर रक्कम पुरी असूनही अर्ज फेटाळला जातो. मध्ये एकच दिवस शिल्लक खाली गेली तरी मोजणी पहिल्यापासून. लग्नाचा आहेर, खताचे बिल या खात्यातून देऊ नका.

अमेरिकेच्या बाबतीत पक्क्या विद्यापीठाचे आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रमाणपत्र) घेऊन व्हिसाची तयारी चालू ठेवावी. सेव्हिसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर एका आय-२० वर भरले आणि नंतर यादीतून दुसऱ्याचे आय-२० आले, तर ती फी नव्या सेव्हिस क्रमांकावर वळवता येते, पुन्हा भरावी लागत नाही. व्हिसाच शिक्का होऊन आला असेल तर प्रकरण गुंतते. पहिल्या खेपेला व्हिसावर छापलेले विद्यापीठ आणि हातातले आय-२० एकच असावे, म्हणजे पुन्हा मुलाखत, पुन्हा १८५ डॉलर, आणि जुलैत मुंबईची तारीख मिळण्याची मारामार. यादीतला कोर्स एवढ्याला पुरेल का, हे तेव्हा थंड डोक्याने बघावे.

ते बघताना नुसते नाव आणि क्रमवारी पाहू नका. आय-२० वर कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा वर्गीकरण क्रमांक, असतो. साधा फायनान्स, ५२.०८०१, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही. शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिने. फायनान्शियल मॅथेमॅटिक्स, २७.०३०५, त्या यादीत आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये फायनान्शियल ॲनालिटिक्स, ३०.७१०४, हाही आला. तिथे आणखी २४ महिने मिळतात. साठ-सत्तर लाखांचे कर्ज फेडायचे असेल तर १२ आणि ३६ महिन्यांत जमीन-अस्मानाचा फरक. हातातला पक्का कोर्स स्टेममध्ये असेल आणि यादीतला नामांकित कोर्स नसेल, तर वाट पाहण्यात काय हशील?

काही एजंट 'वेटलिस्ट क्लिअर करून देतो' म्हणून पैसे मागतात. असे कोणाला करता येत नाही. त्यांनी लिहिलेले पत्र पाच मुलांच्या नावाने त्याच शब्दांत जाते, एवढेच होते.

शेवटी एक तारीख घरात बसून ठरवा. विमानाचे तिकीट काढायच्या, खोलीचा करार करायच्या आधीची, साधारण जुलैचा मध्य. त्या दिवसापर्यंत काही आले नाही तर यादीतल्या विद्यापीठाला दोन ओळी पाठवायच्या: 'मी दुसरीकडे प्रवेश घेतला आहे. कृपया माझे नाव प्रतीक्षा यादीतून काढावे. आभारी आहे.' खाली अर्ज क्रमांक, पासपोर्टवर आहे तसे पूर्ण नाव, आणि पोर्टलवरही 'माघार' नोंदवायची, कारण नुसता मेल कधी कधी कोणी उघडतच नाही.

आपले,
वित्त अध्यापन आणि शैक्षणिक कर्ज या क्षेत्रांतले काही वाचक,
जळगाव व धुळे